भिंतीमागचे प्रवासी

"बस आपल्या दारावरून जाते" या वाक्यात केवढा धोका आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वाक्य माझंच होतं. आणि खोटंही नव्हतं. बस खरोखर दारावरून जात होती. ती थांबते, असं मी कधी म्हणालो होतो?

पण बायकोनं ते गृहीत धरलं. बायकांचं हे असं असतं, असं मी लिहिणार होतो. पण ती हे वाचणार आहे, तेव्हा राहू दे.

झालं असं, की तिला शहराच्या मोठ्या वाचनालयात नोकरी लागली. ग्रंथालयाची परीक्षा तिनं लग्नाआधी दिली होती, पहिली आली होती. मग संसार, मुलगी, माझ्या वडिलांचं आजारपण यात ते प्रमाणपत्र कपाटात पडून राहिलं. मुलगी शिकायला परगावी गेली आणि हिनं एक दिवस गुपचूप अर्ज करून टाकला. मला विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं. पण विचारलं नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

नोकरी सहा महिने कच्ची, मग पक्की. तिथल्या ग्रंथपालबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर मी शिकवीन. उशीर झाला तर शिकवणार नाही. दुसरी बाई बघेन."

बायको घरी आली ती धास्तावूनच. "अहो, जमेल ना हो मला वेळेवर पोचायला?"

मी पेपर खाली न घेता म्हणालो, "अगं, बस आपल्या दारावरून जाते. काळजी कसली करतेस?"

आमच्या, म्हणजे लाकडाच्या वखारीच्या, स्टॉपवरून बावीस नंबरची बस जाते. दुपारी ती इतकी गरीब असते, की रिकामी येते, थांबते, कोणी चढणार का म्हणून वाट बघते. सकाळी ऑफिसच्या वेळेला मात्र तिच्या अंगात येतं. लांबून आमची गर्दी दिसली रे दिसली, की ड्रायव्हर वेग वाढवायचा. भरघोस मिशांचा, धिप्पाड माणूस. नजर थेट समोर, जणू पुढच्या चौकात त्याचं काही हरवलंय. आम्ही हात केला, की तोही हात करायचा आणि निघून जायचा. माझंही ऑफिस त्याच रस्त्याला, त्यामुळे हा अपमान मी वर्षानुवर्षं गिळत आलो होतो. पण माझ्या ऑफिसात उशिराचं कोणाला काही वाटत नाही. साहेब माझ्यानंतर येतात.

लवकर निघून पाहिलं. लवकरची बस लवकर भरून यायची. रिक्षावाले वाचनालयाच्या वाटेवरच्या उड्डाणपुलाचं नाव काढलं की मान फिरवायचे. पहिल्या आठवड्यातच बायकोला दोनदा उशीर झाला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी निदान बरोबरी तरी साधतो. पण तिनं रात्री उद्याचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर नीट ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मला फार वाईट वाटलं. ही नोकरी गेली, तर ती बसमुळे गेली असं कोणी म्हणणार नव्हतं. माझ्या वाक्यामुळे गेली असंच म्हणणार होते.

मग मी हा प्रश्न हातात घेतला. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी प्रश्न हातात घेतला, की बाकीचे सल्ले घेऊन जिन्यात जमतात. वरच्या मजल्यावर नकाशेकाका राहतात. भूमापन खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "उगमाकडे जा! बस डेपोतच पकडायची." म्हणून बायको रोज उलट दिशेला डेपोपर्यंत चालत जाऊ लागली. तिथं कळलं, की आधीच्या सगळ्या स्टॉपवरची माणसं अशीच उलटी चालत येतात, आणि बस डेपोतूनच भरून निघते. तळमजल्यावरच्या उंच कंपाउंडरनं सांगितलं, "वहिनींना वाचनालयाजवळच घर बघा." हा माणूस दवाखान्यात औषधं देतो, याची मला तेव्हापासून काळजी वाटते.

शेवटी मी बस कचेरीत गेलो. खिडकीत एक चष्मेवाले कारकून बसले होते.

"वखारीच्या स्टॉपवर सकाळी बस थांबत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मागच्या भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "थांबते की. ही बघा."

"ती तुमच्याकडे थांबते हो. आमच्याकडे नाही थांबत."

"मग लेखी तक्रार द्या. आमचा माणूस येऊन गर्दी बघून जाईल. गर्दी असली तर जादा बस मिळेल."

"कधी येईल तुमचा माणूस?"

कारकुनांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ते कसं सांगणार? सांगितलं, की लोक मुद्दाम गर्दी करतात."

मी तक्रार दिली आणि त्या माणसाची वाट बघू लागलो. बसची वाट बघून सवय झालेलीच होती.

आणि मग एका सकाळी सासूबाईंनी शोध लावला. सासूबाई आमच्याकडेच राहतात. लहानखुरी मूर्ती, पांढरे केस, चेहरा असा की बघणाऱ्याला पटकन हात द्यावासा वाटतो. प्रत्यक्षात त्या गॅसचं सिलिंडर एकट्या सरकवतात. त्या दिवशी ऊन कडक होतं म्हणून आम्ही सगळे वखारीच्या भिंतीमागे सावलीला उभे होतो. बायको डबा विसरली होती, तो घेऊन सासूबाई स्टॉपवर आल्या आणि एकट्याच इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात बावीस नंबर आली आणि करकचून ब्रेक लावून त्यांच्यासमोर थांबली!

"या आजी, सावकाश," मिशीवाला म्हणाला.

आम्ही क्षणभर बघतच राहिलो. मग जे धावलो! बायको आत, कंपाउंडर आत, मी दारात. सासूबाई डबा हातात धरून खालीच राहिल्या. तो डबा दुपारी त्यांनीच खाल्ला.

संध्याकाळी जिन्यात नकाशेकाकांनी याचा अर्थ लावून दाखवला. "ड्रायव्हर माणसाला भीत नाही, घोळक्याला भितो. एकाला तो कशीही जागा करतो. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून एक व्हायचं."

एकीचं महत्त्व मी शाळेपासून ऐकत आलो होतो, पण ते असं अमलात आणता येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था लागली. सासूबाई खांबापाशी एकट्या उभ्या. बाकी सगळे भिंतीमागे. बस दिसली की त्यांनी छत्री उघडायची; बस थांबून दार उघडलं की छत्री मिटायची आणि आम्ही सुटायचं. भिंतीच्या टोकाला, जिथून छत्री दिसते तिथं, मी. ही सेनापतीची जागा. मी ती स्वतःहून घेतली, कारण कोणी दिली नसती. सासूबाईंना आम्ही घोकून घोकून तयार केलं होतं.

"आई, कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"मी एकटीच आहे."

"आणि आणखी खोदून विचारलं तर?"

"जावईबापू, मी तुमच्या सासऱ्यांबरोबर चाळीस वर्षं काढली. मला कोणी खोदून विचारत नाही."

योजना अशी काही फळली, की विचारू नका. बायको रोज वेळेवर! घरात गुणगुणायला लागली. ग्रंथपालबाईंनी तिला बालविभागाची किल्ली दिली. त्या दिवशी ती किल्ली तिनं मला तीनदा दाखवली आणि मी तिन्ही वेळा नव्यानं पाहिली. सासूबाई तर भूमिकेत शिरल्याच. पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या उभ्या असत. मग थोड्या वाकल्या. मग खोकला आला. पुढे पुढे एक हात कमरेवर आणि एक हात कपाळावर, असं दृश्य असे, की बसच काय, रुग्णवाहिकासुद्धा थांबली असती. आणि आम्ही आत घुसलो, की ताठ होऊन घरी चहाला.

ड्रायव्हरनं एकदा विचारलंच. "आजी, रोज बस थांबवता, चढत कशा नाही?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या बसनं येते रे बाबा. तुझ्या बसला गर्दी फार."

आता यश म्हटलं की लोक जमतात. पुढच्या स्टॉपवरची माणसं आमच्या भिंतीमागे येऊ लागली. भिंतीमागे जागा ठरल्या. ठरलेल्या जागेवर दुसरा उभा राहिला म्हणून भांडणं होऊ लागली, आणि ती कुजबुजत भांडावी लागत. कंपाउंडरचं डोकं भिंतीच्या वर दिसायचं म्हणून त्याला उकिडवं बसवलं. त्याचे गुडघे धरले आणि त्यानं माझ्याकडून औषधाची अपेक्षा केली. लाकडाच्या भुशानं शिंका यायच्या. वखारवाल्यानं अट घातली, की उभेच आहात तर येता-जाता एकेक फळी इकडची तिकडे ठेवत चला. मी, रंगाच्या कंपनीतला हिशेबनीस, ऑफिसात जाण्याआधी फळ्या उचलत होतो. साहेबांनी एकदा माझ्या खांद्यावरचा भुसा झटकला आणि विचारलं, "घरी फर्निचर चाललंय का?" मी हो म्हणालो. खरं सांगायला माझ्यात ताकद नव्हती.

आणि या सगळ्या धामधुमीत मी बस कचेरीतली ती तक्रार साफ विसरलो.

एका सकाळी खांबापाशी एक सद्गृहस्थ आले. खाकी पिशवी, गळ्यात ओळखपत्र. सासूबाईंजवळ उभे राहून रस्त्याकडे बघू लागले. मला वाटलं, नवा प्रवासी आहे. त्याला खूण करून मागे बोलवावं. पण देखरेखीला आलेले नकाशेकाका म्हणाले, "असू दे. एकाचे दोन झाले तर बिघडत नाही." गृहस्थ बराच वेळ थांबले. बस येईना. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शेवटी सासूबाईंना विचारलं, "काय हो आजी, इथं रोज गर्दी असते का?"

सासूबाईंनी मान हलवली. इतक्या महिन्यांत घोकलेला प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता, आणि उत्तर तोंडपाठ होतं. "छे रे बाबा. मी एकटीच असते."

भिंतीमागे तीस माणसं श्वास रोखून उभी होती. एकाला शिंक येत होती, ती मी त्याचं नाक दाबून थांबवली. गृहस्थ निघून गेले. ते कोपऱ्यावर वळले न वळले तोच बस आली. तेवढी एकदा वेळेवर आली असती ना, तर पुढचं काही झालं नसतं.

पुढच्या आठवड्यात खांबावर सूचना लागली: प्रवाशांअभावी वखारीचा स्टॉप सोमवारपासून बंद.

सोमवार हा बायकोच्या सहा महिन्यांचा शेवटचा दिवस होता. सकाळी दहाला समितीची माणसं येऊन तिची नोकरी पक्की करायची की नाही ते ठरवणार होती. सूचना वाचून ती खांबाला टेकून उभी राहिली. "शेवटच्या दिवशीच कसं हो झालं असं?" एवढंच म्हणाली. मी धावत बस कचेरीत गेलो.

"साहेब, आमचा माणूस स्वतः बघून आला," चष्मेवाले कारकून म्हणाले. "एकच बाई. वयस्कर. तिनंच सांगितलं, एकटीच असते म्हणून."

"अहो, बाकीचे आम्ही भिंतीमागे होतो!"

"का?"

"लपलो होतो."

"कशासाठी?"

"बस थांबावी म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही लपला होतात. बस थांबावी म्हणून."

"हो."

"आणि गर्दी आहे अशी तक्रार कोणी केली होती?"

"मीच."

कारकुनांनी उठून मला पाण्याचा ग्लास आणून दिला. सरकारी कचेरीत मला कोणी पाणी दिल्याची ही एकमेव वेळ. "स्टॉप पुन्हा सुरू करता येईल," ते हळुवारपणे म्हणाले. "त्या स्टॉपवरच्या प्रवाशांनी अर्ज करायचा. पण सोमवारपासून तिथं स्टॉपच नाही, म्हणजे प्रवासीही नाहीत. तेव्हा अर्ज कोणी करायचा, ते वरून विचारून सांगतो."

शनिवारी दोन माणसं येऊन खांब उपटून घेऊन गेली. जमिनीत एक खड्डा तेवढा राहिला. रविवारी नकाशेकाका एकदा डोकावले, पण सल्ला न देताच परत गेले. परिस्थिती किती गंभीर होती, हे यावरून लक्षात येईल.

सोमवारी आम्ही सगळे त्या खड्ड्याभोवती जमलो. उघड्यावर. भिंतीमागे जायचं कोणाच्या मनातही आलं नाही. इस्त्रीचे कपडे घातलेली बायको पर्स छातीशी धरून उभी होती. येणाऱ्या दोन रिक्षांना मी हात जोडले. दोघांनी मान फिरवली. आणि लांबून बावीस नंबर दिसली. मिशीवाल्यानं आम्हाला पाहिलं, नजर पुढच्या चौकात लावली आणि वेग वाढवला.

तेव्हा सासूबाई फुटपाथवरून खाली उतरल्या.

कंबर वाकलेली नव्हती, खोकला नव्हता. भर रस्त्यात ताठ चालत गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि छत्री उघडून बससमोर धरली. "आई, बाजूला हो!" बायको किंचाळली. ब्रेकचा असा आवाज झाला, की वखारवाला बाहेर आला. छत्री आणि बस यांच्यात जेमतेम हातभर जागा उरली होती.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. तो घामानं निथळत होता. "आजी! जीव द्यायचाय का? स्टॉप बंद झालाय. वरून हुकूम आहे, इथं थांबायचं नाही."

"रोज थांबायचा हुकूम होता, तेव्हा थांबत होतास का?"

त्यानं बाहीनं मिशीवरचा घाम पुसला.

"इतके महिने तुझी बस थांबवतेय," सासूबाई म्हणाल्या. "एकदा तरी चढले का मी?"

"नाही."

"मग माझी एक जागा तुझ्याकडे राहिली आहे. ती आज हिला दे. माझी मुलगी आहे. आज तिला वेळेवर पोचायचंय."

ड्रायव्हरनं बायकोकडे पाहिलं, आमच्या घोळक्याकडे पाहिलं. "एकच," तो म्हणाला. "बाकी कोणी पाय टाकला तर बस हलणार नाही."

दार उघडलं. आता हे लक्षात घ्या, की ही माणसं बसचं उघडं दार दिसलं, की सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. पण त्या दिवशी कोणी जागचं हललं नाही. कंपाउंडरचा एक पाय सवयीनं उचलला गेला, तर नकाशेकाकांनी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. बायको चढली. दारातून तिनं वळून आईकडे पाहिलं, आणि बस गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुशामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांच्याच डोळ्यांत भुसा गेला होता.

ऑफिसात मी पोचलो तेव्हा, नेमके त्याच दिवशी, साहेब माझ्याआधी आले होते. कारण विचारलं. मी भिंतीपासून छत्रीपर्यंत सगळं खरं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "फर्निचरचं कारण जास्त चांगलं होतं."

संध्याकाळी बायको आली ती पेढ्यांचा पुडा नाचवतच. पक्की झाली! समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं म्हणे, "इतक्या लांबून येता, तर वेळेवर कशा पोचता?" ही म्हणाली, "बसनं." सगळी समिती हसली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता विनोद पुरे, इथं सही करा." बायकोनं आधी आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बस दारावरून जाते, हे मात्र खरं हो तुमचं."

पुढच्या रविवारी सासूबाईंनी जाहीर केलं, "मला आता एकदा त्या बसमध्ये बसायचंय. हिचं वाचनालय बघायचंय." रविवारी ते दुपारपर्यंत उघडं असतं. आम्ही तिघं निघालो. रस्ता मोकळा होता. खड्ड्यापाशी सासूबाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशेजारी बायको. बावीस नंबर संथपणे आली. स्टॉप नसूनही थांबली. मिशीवाला हसला, दार उघडलं, आणि सासूबाई पहिल्यांदा त्या बसची पायरी चढल्या. पुढच्या खिडकीशी बसल्या. मागोमाग बायकोही चढली.

पण बस हलेना. ड्रायव्हर उठला, खाली उतरला आणि सरळ वखारीच्या भिंतीकडे चालत आला. आता थांबायचंच, तर आधी मागे बघून घ्यावं, एवढं शहाणपण त्याला आमच्याकडूनच आलं होतं. त्यानं भिंतीमागे वाकून पाहिलं.

भिंतीमागे मी होतो. टोकाला, माझ्या नेहमीच्या जागी, छत्री मिटायची वाट बघत.

"साहेब," तो म्हणाला, "रविवार आहे. बस रिकामी आहे. आता कोणापासून लपलाय?"

माझे पाय आपोआप तिकडे वळले होते. तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला.

"अरे, घे त्यांना आत! आमचेच आहेत ते."